बैलाचे दात आणि गाडीचे कागद



बैलजोडी घ्यायची म्हटली की आपल्या गावातला साधा माणूसही किती सावध होतो ते पाहावे. तो दात मोजतो, खूर उचलून बघतो, डोळ्यांपुढे हात हलवतो, दहा पावले चालवून घेतो आणि मानेवर जू ठेवून पाहिल्याशिवाय पैशाला हात लावत नाही. दलालाने कितीही गोड बोलावे, हा आपला मुकाट्याने पाहत असतो. पण हाच माणूस चार-पाच लाखांची जुनी मोटार घ्यायला नागपूरला येतो, तेव्हा तिचा रंग पाहतो, आतला रेडिओ वाजवून पाहतो आणि अर्ध्या तासात इसार देऊन मोकळा होतो.

असे का व्हावे? बैल आपल्या ओळखीचा आणि मोटार अनोळखी, एवढेच त्याचे कारण आहे. अनोळखी वस्तूपुढे माणूस बुजतो आणि विकणाऱ्याच्या तोंडाकडे पाहत बसतो. परंतु मोटारीलाही दात असतात. ते कुठे पाहायचे एवढे ठाऊक हवे. आज त्याविषयीच चार गोष्टी सांगणार आहे.

मी मोटारीचा कारागीर नव्हे. बी.एस्सी. (कृषी) झालेला एक विस्तार अधिकारी आहे. घर नागपूरच्या मनीषनगरात. वर्धा रोडवरून रेल्वे ओलांडली की आमची वस्ती लागते. काटोल, नरखेड, कळमेश्वर, उमरेडकडची मंडळी दवाखान्याच्या नाहीतर कोर्टाच्या कामाने शहरात आली की चहाला डोकावतात. पूर्वी बोलणे व्हायचे ते संत्र्यावरची कोळशी आणि कपाशीवरची बोंडअळी यांचे. अलीकडे त्यात एक विषय वाढला आहे. "साहेब, एखादी जुनी गाडी पाहायची होती. जरा उंच असावी, आणि पाच लाखांच्या आत बसावी." अशा मंडळींबरोबर गाड्या पाहत हिंडता हिंडता जे ध्यानात आले, तेच येथे मांडतो.

उंच गाडी ही चैन नव्हे

शेतकऱ्याला उंच गाडी कशाला, असे शहरातले काही लोक म्हणतात. त्यांनी आमच्या काळ्या रानातली पांदण एकदा श्रावणात पाहावी. चाकाला चिकटलेली माती मडगार्डात गच्च बसते, मधला उंचवटा गाडीच्या पोटाला लागतो, आणि ठेंगणी मोटार तिथेच बसकण मारते.

खेड्याने उंच गाडी जवळून पाहिली ती बहुधा विकास गटाची जीप. २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात सामूहिक विकास योजना सुरू झाली आणि गटाच्या जीपगाड्या गावोगाव फिरू लागल्या. लोकांना त्या जीपच्या रूपाचे कौतुक नव्हते. ती गावापर्यंत पोहोचते, याचे होते. आजही गाडी निवडताना हीच कसोटी लावावी.

आता बाजारात ज्यांना छोटी एसयूव्ही म्हणतात, त्या गाड्या आखूड का, हेही समजून घ्या. २००६ सालच्या केंद्रीय अर्थसंकल्पात चार मीटरांपेक्षा लांब नसलेल्या लहान गाड्यांवरचे उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले गेले. पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत आणि डिझेल इंजिन १५०० सीसीपर्यंत, अशी अट होती. मग कंपन्यांनी उंच गाड्याही त्या मापात बसवल्या. फोर्डची इकोस्पोर्ट २०१३ मध्ये आली, महिंद्राची टीयूव्ही ३०० ही २०१५ मध्ये, मारुतीची विटारा ब्रेझा २०१६ मध्ये, टाटाची नेक्सॉन २०१७ मध्ये, आणि ह्युंदाईची व्हेन्यू व महिंद्राची एक्सयूव्ही ३०० या २०१९ मध्ये. त्याच गाड्या आता पहिल्या मालकांच्या घरून बाहेर पडत आहेत, म्हणून जुन्या बाजारात त्यांची आवक चांगली आहे. परंतु लांबी चार मीटरांच्या आत म्हणजे पाच माणसे आणि थोडे सामान, एवढाच तिचा जीव. तिच्यात संत्र्याचे कॅरेट कोंबायचे मनात असेल तर ती घेऊच नका.

आधी काम ठरवा

काटोलकडचे एक संत्रा बागायतदार भाऊ मागच्या वर्षी आले. सोबत त्यांची पत्नी आणि धाकटा मुलगा होता. भाऊंच्या आईचे मूत्रपिंड निकामी झालेले. आठवड्यातून दोनदा नागपूरला डायलिसिससाठी आणावे लागे. जाताना एसटी मिळायची. परतताना म्हातारीला बसवत नसे, आणि काटोलपासून पुढे आठ किलोमीटरवरच्या गावाला संध्याकाळी वाहन नसे. म्हणून भाड्याची गाडी करत. एका खेपेला दोन हजार रुपये, आणि महिन्याला आठ-नऊ खेपा. आंबिया बहाराचे पैसे आले होते, त्यातून विहीर खोल करायची होती. ते काम बाजूला ठेवून पाच लाख रुपये त्यांनी गाडीसाठी काढले होते.

मुलाच्या मनात मोठ्या चाकांची, वरून उघडणाऱ्या छताची गाडी होती. भाऊंच्या मनात बोलेरो होती. वहिनी बराच वेळ गप्प होत्या. शेवटी म्हणाल्या, "गाडीतलं तुमीच पाहा साहेब. मले त सासूबाईले तिच्यात बसवून पाह्याचं हाय."

साऱ्या बोलण्यात हे एक वाक्य लाखमोलाचे होते. पुढच्या खेपेला आम्ही आजींना सोबत घेऊन गाड्या पाहिल्या. बोलेरो आणि टीयूव्ही ३०० या सांगाड्यावर बांधलेल्या, मागच्या चाकांना जोर देणाऱ्या दणकट गाड्या. भरल्या गाडीने चिखलाचा चढ चढायला त्यांच्यासारख्या त्याच. पण पायरी उंच. आजींना दोघांनी उचलून बसवावे लागले. नेहमीच्या ठेंगण्या मोटारीत त्या बसल्या, पण गुडघ्यांमुळे उठवेना. ब्रेझा आणि नेक्सॉनची बैठक मात्र त्यांच्या कमरेला लागली. नुसते टेकले आणि पाय आत घेतले की झाले. निवड तिथेच निम्मी झाली.

म्हणून सांगतो, दुकानात जाण्याआधी घरी कागदावर लिहा: गाडी कोणासाठी, आठवड्यात किती वेळा, कोणत्या रस्त्याने, चालवणार कोण. ज्यांना तिच्यात बसायचे आहे त्यांना घेऊन जा.

डिझेल की पेट्रोल

याचे उत्तर तुमच्या किलोमीटरमध्ये आहे. वरच्या कुटुंबाची एक खेप १३६ किलोमीटरची. आठवड्याला दोन म्हणजे वर्षाला १४ हजार, आणि इतर कामे धरून १८ हजार किलोमीटर. पेट्रोल गाडी लिटरला १४ आणि डिझेल गाडी १८ किलोमीटर धावेल असे धरले, आणि पेट्रोल १०४ व डिझेल ९१ रुपये धरले, तर पेट्रोलचा वर्षाचा खर्च १ लाख ३४ हजारांच्या घरात जातो. डिझेलचा ९१ हजार होतो. म्हणजे सुमारे ४३ हजारांचा फरक. यांनी डिझेलच घ्यावी. पण ज्याची गाडी वर्षाला सहाच हजार किलोमीटर फिरणार, त्याला हा फरक १४ हजारांचा. जुन्या डिझेल इंजिनाचा एकच पंप किंवा टर्बो बिघडला तर तेवढे पैसे सहज जातात. त्याने पेट्रोल गाडी पाहावी. आपल्या पंपावरचा भाव घालून हे गणित घरीच करा.

आणखी दोन गोष्टी. १ एप्रिल २०२० पासून फक्त बीएस-६ गाड्या विकल्या जातात. त्या डिझेल गाड्यांत धुराची काजळी अडवणारी गाळणी असते. ती जळून साफ होण्यासाठी गाडी अधूनमधून मोठ्या रस्त्यावर वेगाने धावावी लागते. रोज फक्त गाव ते वावर असे दोन-तीन किलोमीटर फिरणाऱ्याची गाळणी तुंबते, आणि खर्च मोठा येतो. दुसरे पेट्रोलचे. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. आपल्या ऊस-मक्याला त्यामुळे गिऱ्हाईक मिळाले, ही चांगलीच गोष्ट. पण २०२३ पूर्वीची पेट्रोल गाडी घेताना इंधनाच्या रबरी नळ्या आणि वायसर मिस्त्रीकडून तपासून घ्या, आणि लिटरमागे थोडे अंतर कमी पडेल हे धरून चाला.

कोणती गाडी

मी कोणत्याही कंपनीचा माणूस नाही. माझा आग्रह एकच. ज्या गाडीचा मिस्त्री आणि सुटा भाग तुमच्या तालुक्याला मिळतो, ती गाडी तुमची. विटारा ब्रेझा २०१६ ते २०२० पर्यंत फक्त डिझेलमध्ये आली. तिचे १.३ लिटरचे इंजिन मूळ फियाटचे, आणि तेच त्या काळच्या डिझेल स्विफ्ट व डिझायरमध्ये होते. म्हणून तालुक्याच्या कोणत्याही मिस्त्रीच्या हाताखालून ते गेलेले असते. इकोस्पोर्ट चालवायला छान, भावही उतरलेला. परंतु फोर्डने २०२१ मध्ये आपल्याकडे गाड्या बनवणे थांबवण्याचे जाहीर केले. तिचा भाग मागवायला किती दिवस लागतात, हे घेण्याआधी मिस्त्रीला विचारा. ज्यांना डायलिसिसची तारीख चुकवून चालत नाही, त्यांची गाडी आठ दिवस गॅरेजात उभी राहून कसे चालेल?

जिवाच्या सुरक्षेकडेही बघा. ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या धडक चाचणीत विटारा ब्रेझाला २०१८ मध्ये चार तारे मिळाले. नेक्सॉनला २०१८ च्या डिसेंबरात पाच, आणि एक्सयूव्ही ३०० ला २०२० मध्ये पाच. चालकाची एअरबॅग जुलै २०१९ पासून आणि शेजारच्या माणसाची २०२२ पासून सर्वच नव्या मोटारींना सक्तीची झाली. त्याआधीच्या साध्या मॉडेलांत ती नसूही शकते. म्हणून एकाच नावाच्या दोन गाड्यांपैकी जिच्यात दोन्ही एअरबॅग आणि एबीएस ब्रेक आहेत, ती पंधरा-वीस हजारांनी महाग असली तरी घ्यावी. मागच्या आडव्या बाकांवर लेकरे बसवून दूरचा प्रवास करू नका. तिथे पट्टा नसतो.

गाडीचा सातबारा

जमीन घेताना आपण सातबारा पाहतो. मालक कोण, इतर हक्कात बोजा कुणाचा, फेरफार झाला की नाही. गाडीचे आर.सी. पुस्तक म्हणजे तिचा सातबाराच समजा. ते सरकारच्या 'एमपरिवहन' ॲपवर गाडीचा नंबर घालून स्वतः पडताळा. दुकानदाराने दाखवलेल्या छायाप्रतीवर विसंबू नका.

पहिली ओळ मालकाची. गाडी कितव्या मालकाकडे आहे ते पाहा. समोर बसलेला माणूस मालक नसेल, तर मालकाशी बोलल्याशिवाय इसार देऊ नका. दुसरी ओळ बोज्याची. गाडीवर बँकेचे किंवा फायनान्स कंपनीचे कर्ज नोंदलेले असेल, तर बँकेचा ना हरकत दाखला आणि नमुना ३५ घेऊन तो बोजा उतरवून घ्या. "कर्ज फिटले आहे, कागद मागून देतो," हे बोलणे जमिनीच्या व्यवहारात आपण ऐकून घेतो का? मग इथे का ऐकावे?

तिसरी ओळ नोंदणीची. खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. २०१२ ची गाडी स्वस्त मिळते याचे एक कारण हेही असते. चौथी ओळ पासिंगची. आपल्याकडे एमएच ४० म्हणजे नागपूर ग्रामीण, एमएच ३१ नागपूर शहर, एमएच ४९ नागपूर पूर्व. परराज्याच्या पासिंगची, विशेषतः दिल्लीकडची, डिझेल गाडी फार स्वस्त दिसते. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून त्या बाहेर निघू लागल्या. तिच्यासाठी तिकडचा ना हरकत दाखला लागतो, आणि इथे पुन्हा महाराष्ट्राचा कर भरावा लागतो. तो खर्च मिळवला की स्वस्ताई बरीचशी विरघळते.

आता सर्वांत मोठी गोष्ट, नाव बदलण्याची. कोऱ्या फॉर्मांवर सह्या घेऊन गाडी वर्षानुवर्षे जुन्या मालकाच्या नावावर चालवण्याची रीत फार पसरली आहे. नमुना २९ आणि ३० भरून, ३० दिवसांच्या आत आपल्या नावावर गाडी करून घ्या. विकणाऱ्यानेही निष्काळजी राहू नये. अपघात झाला तर नोंदणीत ज्याचे नाव त्याच्यावर भरपाईची जबाबदारी येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला आहे. विम्याचेही तेच. विमा जुन्या मालकाच्या नावावर राहिला, तर समोरच्या जखमीला भरपाई मिळेल, पण तुमच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्या.

पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने चालवू नका. "फावल्या वेळात दोन सवाऱ्या मारू," असे पुष्कळांच्या मनात असते. त्या वेळी अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. घरादारावर जप्ती येण्याइतके हे प्रकरण महागात पडते.

दुकानातून गाडी घेत असाल तर आर.टी.ओ.चे अधिकारपत्र दाखवा म्हणावे. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांना ते घ्यावे लागते. थकलेले ई-चलान, पी.यू.सी. आणि एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीवर नवी सुरक्षा पाटी बसली आहे का, हेही विचारून घ्या. आणि भाव करताना एक लक्षात असू द्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला आणि नव्या गाड्या स्वस्त झाल्या. त्या आधीच्या नव्या किमतीशी तुलना करून कोणी जुनी गाडी स्वस्त म्हणून दाखवत असेल, तर फसू नका.

दात मोजताना

गाडी पाहायला सकाळी जा, आणि इंजिन थंड ठेवायला आधीच सांगा. तुम्ही जाण्यापूर्वी ते गरम करून ठेवले असेल तर पुन्हा दुसऱ्या दिवशी जा. थंड गाडी एका सेलात सुरू व्हावी. मागे उभे राहून धूर पाहा. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळते. काळा दाट म्हणजे डिझेल नीट जळत नाही. गाडी तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर आतले पाणी जळते. ऑइलचे झाकण उघडून आत पाहा. तिथे ताकासारखा पांढरट थर असेल, तर पाणी आणि ऑइल एक होत आहे असे समजा, आणि नमस्कार करून निघा.

टायरवर चार आकडे कोरलेले असतात. २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. मीटरवर ३० हजार किलोमीटर आणि चारही टायर गाडीहून तीन वर्षांनी नवे, हे जुळत नाही. मीटर फिरवता येते. ब्रेकच्या पॅडलचे रबर, चालकाच्या गादीची कड आणि स्टिअरिंगची झीज मात्र खोटे बोलत नाही. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरात नंबर सांगून आजवरच्या सर्व्हिसची नोंद मालकाला काढायला सांगा.

पत्र्यावरून एक लहानसा लोहचुंबक फिरवा. जिथे तो चिकटत नाही तिथे पत्रा ठोकून पुट्टी भरलेली असण्याचा संभव आहे. दरवाजाची पुट्टी चालेल. पुढच्या सांगाड्याला वेल्डिंग दिसले तर चालणार नाही. मग गाडी स्वतः चालवा, वीस किलोमीटर तरी. चढावर, खडबडीत रस्त्यावर, आणि मोकळ्या जागी जोरात ब्रेक मारून. शेवटी आपल्या ओळखीच्या मिस्त्रीकडे न्या. त्याला हजार रुपये द्या. त्याची ही मजुरी सर्वांत मोठी बचत ठरते. विकणारा मिस्त्रीकडे न्यायला नाही म्हणत असेल, तर उत्तर तुम्हाला मिळालेच.

पाण्यात बसलेली गाडी

नागपूरकरांना २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट विसरता येणार नाही. काही तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घराघरांत शिरली, आणि दारात उभ्या असलेल्या कितीतरी मोटारी पाण्याखाली गेल्या. असा पूर आता कोणत्याही शहरात येतो. पाण्यात बसलेली गाडी धुऊन-पुसून नव्यासारखी करता येते. पण तिच्या तारांच्या जोडांत गंज शिरतो, आणि सहा महिन्यांनी एकेक वस्तू बंद पडू लागते.

काटोलच्या भाऊंना पहिल्यांदा आवडली ती अशीच एक चकचकीत गाडी, आणि भावात इतरांहून पन्नास हजारांनी कमी. मुलगा तर चावी हातात घेऊन बसला होता. वहिनींनी मागचे दार उघडले, आत डोके घातले आणि म्हणाल्या, "भिजलेल्या पोत्यासारखा वास येते इथं." दुकानदार म्हणाला, एसीचा वास आहे. आम्ही जादा चाकाच्या खळग्यातले आवरण उचलले. कोपऱ्यात वाळलेला बारीक गाळ होता. सीटच्या खालच्या लोखंडी पट्ट्या गंजलेल्या. पट्टा पूर्ण ओढून पाहिला तर शेवटच्या हातभर भागावर मातकट रेघ. ती गाडी कुठे भिजली, केव्हा भिजली, कोण जाणे. आम्ही चहा पिऊन बाहेर पडलो.

साठवलेल्या धान्याची ओल जिला नाकाने कळते, तिला गाडीची ओलही कळते. भगिनींनो, गाडी पाहायला तुम्ही गेलेच पाहिजे, असे मी म्हणतो ते यासाठी.

पैशाची वाटणी

हातात पाच लाख असतील तर गाडी चार लाखांचीच पाहा. उरलेला लाख हा गाडीचाच भाग आहे. टायर, बॅटरी, ऑइल, विमा, नाव बदलणे, आणि पहिल्या सहा महिन्यांत निघणारे एक तरी मोठे काम यासाठी तो लागतो. पाचही लाख गाडीला देऊन बसलात, तर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, अशी गत होते. मसाल्याला पैसा नसला की चांगली गाडीही गोठ्यात उभी राहते.

आणि पीककर्जाचा पैसा गाडीत घालू नका, हे हात जोडून सांगतो. तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडले तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेतून ते बिनव्याजी पडते. ते पैसे गाडीत अडकले आणि मुदत चुकली, की सवलत जाते, खाते थकीत होते, आणि पुढच्या पेरणीला बँकेचे दार बंद होते. गाडी दरवर्षी झिजते, तिचा भाव उतरतो. बियाणे आणि खत यांच्या पैशातून ती घेणे म्हणजे नाकापेक्षा मोती जड. खरीप-रब्बीचा खर्च, मुलांची फी आणि दवाखान्याची तजवीज बाजूला काढून जे उरते, त्यातच गाडी बसली पाहिजे. नाही बसली तर एक बहार थांबा. जुन्या गाड्या बाजारात पुढच्या वर्षीही येणारच आहेत.

काटोलच्या कुटुंबाने शेवटी २०१६ ची, एकाच मालकाची, एमएच ४० पासिंगची डिझेल ब्रेझा घेतली. चार लाख पाच हजारांना. रंग थोडा उडालेला आणि उजव्या दारावर पोचा. मिस्त्रीने आधीच सांगितले होते की इंजिन निरोगी आहे, पण क्लच फार दिवस काढणार नाही. त्यावर भावात पंधरा हजार तुटले. टायर, बॅटरी, ऑइल, विमा आणि नाव बदलणे यांत साडेछप्पन हजार गेले. चौथ्या महिन्यात क्लच गेला. अठरा हजारांचे काम निघाले, ते बाजूला ठेवलेल्या पैशातून दोन दिवसांत झाले, आणि दोन खेपांच्या मधल्या दिवसांतच उरकले. विहिरीचे काम मात्र पुढच्या उन्हाळ्यावर गेले. ते दुःख भाऊंना आहे, आणि ते खरेही आहे.

मध्यंतरी भेटले तेव्हा म्हणाले, आई आता परतीच्या वाटेवर मागच्या सीटवर आडवी होते, आणि गाव येईपर्यंत तिची झोप होते. दाराचा पोचा त्यांनी अजून काढलेला नाही. तुम्ही गाडी पाहायला निघाल तेव्हा घरातली बाई, गावातला मिस्त्री आणि खिशात एक लोहचुंबक, एवढे तीन सोबत न्या. गाडी पसंत पडली तरी त्या दिवशी इसार देऊ नका. रात्री घरी येऊन सगळ्यांनी मिळून कागदावरचा हिशोब पुन्हा मांडा, आणि मग सकाळी काय ते ठरवा.